ओघळीची परीक्षा

आप्पा,

काल तुमची जीप डोंगरावरच्या वाडीवरून खाली आणली. मीच आणली. संतोष म्हणत होता, "मी जातो," पण तुमच्या लेकाला त्या जीपचा दुसरा गिअर अजून सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर मला सोबत कुणीच नको होतं. तुम्ही गेलात त्याला काल एकोणीस दिवस झाले. इतके दिवस जीप तिथे तुमच्या दोस्ताच्या, कमळूदादाच्या अंगणात फणसाखाली उभी होती, तुम्ही लावली होती तशीच, चाकाला दगड लावून. चावीसुद्धा आत लटकत होती.

ती कशी आणली ते सांगते, पण शेवटी. आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे.

भेटायला आलेल्या बायका माझ्याकडे जरा विचित्रच बघत होत्या. सासरा गेला म्हणून सून इतकी रडते, हे त्यांना काही पटत नव्हतं. एक म्हणालीच, "लय जीव हुता गं तुमचा एकमेकांवर." मी म्हटलं, जीव कसला, आमचं तर रोज भांडण. तिला वाटलं मी दुःखाने काहीतरी बरळतेय. आपल्या लोधिवलीच्या घरात सासू-सून नव्हे, सासरा-सून भांडायचे, आणि तेही गाडीच्या पुढच्या ॲक्सलवरून, हे तिला कसं समजावणार होते मी?

पहिल्या भेटीतच तुम्ही सुरुवात केली होती. कर्जतला मला बघायला आलात, मी पोह्यांची बशी पुढे केली, आणि तुम्ही बशीकडे न बघता विचारलंत, "मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय म्हनं. सांग बरं, स्प्रिंगचे पाटे बसवल्यावर नट कधी आवळायचा?" माझे बाबा गोंधळले. मला मात्र चेव आला. तक्त्यात जेवढा जोर दिलाय तेवढ्या जोराने आवळायचा, असं काहीतरी मी पुस्तकातलं उत्तर दिलं.

"ते झालं किती. मी इचारतो कधी."

तुम्ही पोह्याचा घास घेतलात, सावकाश चावलात आणि म्हणालात, "गाडी जमिनीवर टेकली की मंग. जॅकवर असताना नाय. जॅकवर आवळला तर रबर पिळतं नि फाटतं. गाडीचं वजन गाडीवर येऊ दे आधी." मग बाबांकडे वळून, "पोरगी पास. एक चूक हाय, सुधरंल." संतोष कोपऱ्यात मान खाली घालून हसत होता. मी त्याच्याशी लग्न केलं, पण खरं सांगू का, पसंत मी तुम्हाला केलं होतं.

आणि मग अकरा वर्षं. सकाळी मी खालापूरला कंपनीत जायला निघायचे आणि तुम्ही चौकला गॅरेज उघडायला. अंगणात दोन्ही गाड्या सुरू व्हायच्या आणि त्यांच्या आवाजावर आवाज चढवून आपण बोलायचो. तुमची बाजू कधीच बदलली नाही. जीपच्या पुढच्या दोन चाकांमध्ये एकच जाड, आडवा, सलग ॲक्सल. एक चाक दगडावर चढलं की ॲक्सल तिरपा होतो आणि दुसरं चाक आपसूक खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही. "एका चाकाचं दुसऱ्याला कळायला पायजे," हे तुमचं ठरलेलं वाक्य. माझंही ठरलेलं होतं. माझ्या गाडीत प्रत्येक चाक सुटं, आपापल्या हातावर, आपापल्या स्प्रिंगवर. डाव्याला खड्डा लागला तर उजव्याला पत्ताही नसतो, म्हणून आतल्या माणसाची हाडं शाबूत राहतात. "एकाचा खड्डा दुसऱ्याने का सोसायचा, आप्पा?" मी विचारायचे. तुमचा उजवा खांदा त्या जीपच्या थरथरणाऱ्या स्टिअरिंगने कायमचा गेला होता, हेही मी दर खेपेला काढायचे. तुम्ही खांदा चोळत म्हणायचात, "खांदा माझा हाय. तुला कशाला दुखतो?"

मी ती गाडी घेतली तेव्हा तुम्ही अंगणात पोतं अंथरून तिच्याखाली शिरलात. चांगला अर्धा तास खाली होतात. मी चहा ठेवला, तो गार झाला, पुन्हा ठेवला. शेवटी बाहेर आलात आणि म्हणालात, "बारीक बारीक हातपाय हायती गं हिचे." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी उठून तुम्ही तिची चाकं धुतलीत, ते मी खिडकीतून बघितलं होतं.

मग पेला आला. गॅरेजात कुठल्याही गाडीचं पुढचं काम झालं की तुम्ही सासूबाईंच्या लग्नातला स्टीलचा पेला काढायचात. त्यांना मी कधी बघितलं नाही, मी या घरात येण्याआधीच त्या गेल्या होत्या. पण पेल्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं, ते मी बोटाने कितीदा तरी चाचपलं आहे. नावापर्यंत पाणी भरायचं, पेला गिअरच्या बाजूच्या खाचेत ठेवायचा, आणि गॅरेजमागच्या खडीच्या रस्त्याने एक फेरी मारायची. पाणी नावाच्या खाली उतरलं तर गाडी पुन्हा जॅकवर. गिऱ्हाईक हसायचं. तुम्ही नाही हसायचात.

त्या परीक्षेत माझी गाडी दर वेळी जिंकायची. दर वेळी! पाणी हलायचंसुद्धा नाही. तुमच्या जीपमधून निम्मा पेला तुमच्या पँटवर यायचा. आणि तुम्ही, स्वतःच काढलेली परीक्षा स्वतःच मोडीत काढायचात. "सपाट रस्त्याव काय कुनीबी चालंल. पेला ओघळीत ठेवायचा आस्तो." ओघळ म्हणजे वाडीच्या वाटेवरची ती खोल चरी, पावसाचं पाणी दर वर्षी जी तिरपी कापून नेतं. मी म्हणायचे, चला मग, आत्ता चला. तुम्ही म्हणायचात, चिखल वाळू दे. मग म्हणायचात, भात कापून होऊ दे. यंदा ठरलं होतं की दिवाळी झाली की दोन्ही गाड्या न्यायच्या, कमळूदादा पंच. मी हरले तर महिनाभर मी जीप धुवायची. तुम्ही हरलात तर सगळ्या गॅरेजासमोर म्हणायचं, वैशूची गाडी चांगली.

मधे ते नेरळच्या फ्लॅटचं झालं. मी आणि संतोष बघून आलो, तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "जावा की. चाकं सुटी झाली का गाडी मऊ चालते, तूच सांगतीस." मला इतका राग आला की मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. त्या दिवशी आपण गाडीबद्दल बोलत नव्हतो, हे दोघांनाही कळत होतं. आप्पा, तो फ्लॅट आम्ही गणपतीतच रद्द केला होता. मीच नको म्हटलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता आणि मला ते हसणं बघायचं नव्हतं. अडीच महिने मी तुम्हाला वाटू दिलं की आम्ही तुम्हाला सोडून जाणार. आज ते हसणं बघण्यासाठी मी काय वाटेल ते देईन.

आता त्या रविवारचं. ते टाळत टाळत इथवर आले.

तुम्ही सकाळीच जीपमध्ये पाण्याची काळी टाकी बांधून वाडीवर गेला होतात. संतोष ड्युटीवर. अकराच्या सुमाराला कमळूदादाचा फोन आला. "वैशूताय, आप्पाच्या छातीत कळ येतेय. घामानं पार भिजलाय. गाडी नाय चालवनार तो. तू ये." ॲम्ब्युलन्स डांबरी संपते तिथवरच येते, त्यापुढे चढत नाही, हे तुम्हीच मला सांगून ठेवलेलं. मी चावी उचलली आणि निघाले. वर जाताना ओघळीत पोट घासलं, कर्रकन आवाज आला, पण वेग होता म्हणून निघून गेले. तेव्हाच कळायला हवं होतं.

तुम्ही ओट्यावर भिंतीला टेकून बसला होतात. चेहरा राखेसारखा. अंगणात दोन गाड्या उभ्या राहिल्या, तुमची आणि माझी. कमळूदादा म्हणाला, "कंच्या गाडीतनं?" मी तुमच्याकडे बघितलं. अकरा वर्षांत असा प्रश्न तुम्ही मला कधी सोडवू दिला नव्हता. त्या दिवशी तुम्ही फक्त म्हणालात, "तू ठरव."

मी पेल्याच्या हिशेबाने ठरवलं, आप्पा. आपल्या घराबाहेरच्या कुणाही माणसाने वाट कशी आहे ते बघितलं असतं. मी बघितलं ते पाणी. जीपमध्ये निम्मं सांडतं आणि माझ्या गाडीत हलत नाही, मग दुखणाऱ्या छातीला कुठली गाडी? हा सरळ विचार वाटला मला. तुम्हाला पुढच्या सीटवर आडवं केलं, कमळूदादा मागून तुमचे खांदे धरून बसला.

उतारावर वेग धरता येत नव्हता, तुम्ही होतात ना आत. हळूहळू ओघळीत उतरवली. उजवं पुढचं चाक खोल गेलं, गाडी तिरकी झाली, आणि डावं पुढचं चाक उचलून हवेत लोंबायला लागलं. मी रेस दिली. सगळा जोर त्या लोंबणाऱ्या चाकाला. ते नुसतं गरगर फिरत राहिलं. मागचं एकही तसंच. एका चाकाचं दुसऱ्याला कळलं नाही.

कमळूदादा उतरून खोल गेलेल्या चाकाखाली दगड घालायला लागला. मी रडत होते, रेस देत होते, काय करत होते मला आठवत नाही. मी घड्याळ बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. आणि तुम्ही, डोळे मिटलेले, ओठ कोरडे, हळू आवाजात म्हणालात, "रडू नको. क्लच सोडलास का डावा पाय बिरेकवर. जरासाच दाब. फिरतंय त्याला आडव, मंग दुसरं धरंल. आता रेस दे. सोडू नको."

मी तुम्ही म्हणालात तसं केलं. फिरणारं चाक मंदावलं, दगडांवरच्या चाकाने माती धरली, गाडी हिसका देऊन बाहेर आली. माझ्या गाडीच्या खोडीवरचा उपाय तुम्हाला माहीत होता. म्हणजे तुम्ही तिच्यावर विचार करत होतात, मला न सांगता.

पुढे खडीचा रस्ता लागला. सपाट. गाडी मऊ चालायला लागली. तुम्ही डोळे उघडलेत, गिअरच्या बाजूच्या रिकाम्या खाचेकडे बघितलंत आणि म्हणालात, "पेला ठेवला आस्ता ना, थेंब नस्ता सांडला गं."

आणि मी काय म्हटलं? "गप्प बसा, आप्पा. बोलू नका."

तुम्ही गप्प बसलात. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंत. हायवेवरच्या हॉस्पिटलात तुम्हाला आत नेलं तेव्हाही तुम्ही काही बोलला नाहीत, आणि दोन वाजायच्या आत सगळं संपलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नाही. म्हणाले, "सांगता येत नाही." चांगला माणूस असणार. पण ते तीन शब्द मला रात्रंदिवस पुरले आहेत.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. हात जोडायलाही वेळ मिळाला नाही. सगळे म्हणाले, आप्पा तृप्त होऊन गेले, कसली इच्छा राहिली नाही. संतोषच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला बरं वाटलं. मला राग आला. ओघळीची परीक्षा राहिलेली, फ्लॅटचं सांगायचं राहिलेलं, एवढं भांडण अर्ध्यावर टाकून गेलेला माणूस तृप्त कसा? मी तिथेच उभी राहून तुमच्यावर चिडले होते. बायकांना वाटलं मी पुन्हा रडतेय. तेही करतच होते.

तर काल. संतोषने मला मोटरसायकलवर पायथ्याशी सोडलं, मी चालत वर गेले. कमळूदादाने जीपवरची पानं झाडून ठेवली होती. वहिनीने कोरा चहा दिला. चहा पिता पिता तो म्हणाला, "ताय, एक सांगू का? राग नको धरूस." मग त्याने सांगितलं. त्या दिवशी मला फोन केल्या केल्या त्याचा पुतण्या जीप काढायला गेला होता. चावी लावलेली होतीच. तो पोरगा रोज पिकअप चालवतो, त्याच वाटेने. मी यायच्या आत तुम्ही खाली पोचला असता. "आप्पाच नाय बोलला. म्हनला, वैशू निघालीय. ती आल्याबिगर मी हलनार नाय. आमी लय इनवलं. ऐकतोय व्हय तो?"

मी कप खाली ठेवला. आप्पा, तुम्ही पाऊण तास माझी वाट बघितलीत. छातीत कळा येत असताना. दारात सुरू होणारी जीप, हाताशी ड्रायव्हर, आणि तुम्ही माझ्यासाठी थांबलात. अशी माया माझ्यावर माझ्या बाबांनीसुद्धा केली नसेल. ती घेऊन मी धन्य व्हावं की तुम्हाला गदागदा हलवून विचारावं की का थांबलात, हे मला कालपासून ठरवता आलेलं नाही. आणि आल्यावर मी चुकीची गाडी निवडली.

पेला तुमच्या सीटखाली, फडक्यात गुंडाळलेला होता. तुम्ही तो बरोबर नेला होतात म्हणजे परीक्षा त्याच आठवड्यात घ्यायचा बेत होता ना? कमळूदादाने हंड्यातलं पाणी नावापर्यंत भरून दिलं. त्याने विचारलं नाही कशाला. पंच म्हणून तो मागे येऊन बसला.

ओघळीपाशी मी पहिला गिअर टाकला आणि जीप हळूहळू आत उतरवली. उजवं चाक खाली गेलं, ॲक्सल तिरपा झाला, डावं वर आलं ते माती धरूनच. चारही चाकं जमिनीवर. मी मनात आकडे म्हणत होते. सातपर्यंत गेले आणि आम्ही पलीकडे होतो. सात, आप्पा. मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून गुरासारखी ओरडले. कमळूदादा खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला.

मग खडीचा रस्ता. स्टिअरिंग थरथरायला लागलं, माझा खांदा दुखायला लागला, पाणी माझ्या मांडीवर सांडलं. डांबरीला लागले तेव्हा पेल्याच्या तळाशी दोन घोट उरले होते. म्हणजे ओघळीत तुम्ही आणि खडीवर मी. कमळूदादा म्हणाला, "बरोबरीत सुटलं गं." नाही सुटलं. ज्या दिवशी खरी गरज लागली त्या दिवशी वाटेत ओघळ होती.

जीप आता अंगणात आहे. आज सकाळी मी ती धुतली, ठरल्याप्रमाणे महिनाभर धुवेन. चाकं आधी, तुम्ही माझ्या गाडीची धुतली होतीत तशी. पण तुमचं ते वाक्य मला मान्य नाही. थेंब सांडला नसता म्हणालात ते माझं रडणं थांबवण्यासाठी म्हणालात, हे मला कळतं. मरणाच्या दारात तुम्ही भांडण हरून दाखवलंत आणि मला जिंकवून गेलात. मला नको आहे ते. मागे घ्या. म्हणा की बारीक हातपायांची गाडी, म्हणा की सांगत होतो, म्हणा की पोरी तुला ॲक्सल कळला नाय. सगळ्या गॅरेजासमोर म्हणा. मिशीतल्या मिशीत हसा.

मी त्या दिवशी गप्प बसा म्हटलं. चुकलं माझं. आता बोला, आप्पा.